बेळगावच्या उद्यमबागेतल्या चहावाल्या मामांना

मामा, तुम्ही मोबाईलवर वाचत नाही माहीत आहे, पोरगं वाचून दाखवील म्हणून लिहितोय.

त्या वेळी मी कुणाला न सांगता दारू एकदम बंद केली होती, तिसऱ्या दिवशी तुमच्या टपरीवर बसलो तर कप बशीत वाजायला लागला आणि मला भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसायला लागल्या. घरचे म्हणत होते खोलीत कोंडा, उतरेल आपोआप. तुम्ही गल्ला पोराकडं दिलात आणि रिक्षात घालून मला सरळ हॉस्पिटलात नेलंत. रोज भरपूर पिणाऱ्यानं अशी अचानक सोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, जीवसुद्धा जाऊ शकतो, हे मला तिथं कळलं, बी-१ व्हिटॅमिनची इंजेक्शनं घेताना.

सगळे म्हणायचे मनावर घे की, लाज नाही का. अहो लाज होती म्हणूनच तर जास्त प्यायचो! बाबा सारायीची, म्हणजे स्वस्त देशी दारूची पाकिटं प्यायचे, २००७ ला कर्नाटक सरकारनं सारायी बंद केली, पाकिटं गेली, बाबांची सवय काय गेली नाही. डॉक्टर म्हणाले साधारण निम्मा वाटा रक्तातून येतो, बाकीचा आजूबाजूचा. आता माझ्या आजूबाजूला काय, तर दिवसभर फाउंड्रीतल्या भट्टीची धग, कंत्राटी नोकरी उद्या आहे का नाही पत्ता नाही, पगाराचा शनिवार, आणि चोर्ला घाटातून आलेला गोव्याचा स्वस्त माल घेऊन थांबलेली चौघं. साडेसहाचा भोंगा झाला की बाटली समोर नसतानाच तोंडाला पाणी सुटायचं.

डॉक्टरांनीच सांगितलेलं, व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेचे कितीतरी सैनिक हेरॉईनच्या नादी लागले होते, मायदेशी परतल्यावर त्यातल्या बहुतेकांचं सुटलं, कारण जागा आणि संगत दोन्ही मागं राहिली. मी म्हटलं साहेब, मी कुठं परत जाऊ, माझं घर इथंच, फाउंड्री इथंच.

तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं तरी तुम्ही म्हणालात, "कामावरून सुटलास की इकडं ये, कप विसळ." बस्स. साडेसात वाजेपर्यंत हात पाण्यात, तोवर ती चौघं निघून गेलेली असायची.

गणपतीत घसरलो तेव्हा दोन दिवस तोंड चुकवत होतो. तिसऱ्या दिवशी तुम्ही रस्त्यातच ओरडलात, "काय रे, कप काय मी विसळू?" एवढंच, एक शब्द जास्त नाही. त्या दिवशी भाषण दिलं असतंत तर परत आलो नसतो मामा, खरंच.

उद्या कुंदा आणतोय, दारू सुटल्यापासून गोड फार लागतं मला. तुमची शुगर वाढलीय, तुम्हाला एकच चमचा.