स्लो कुकरमधला टमाट्याचा सॉस

पुणे, १२ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

स्लो कुकरचं खोकं लातूरला पोचलं की आधी आतलं चिनी मातीचं भांडं बाहेर काढा आणि उजेडात फिरवून बघा. केसाएवढी चीर दिसली तरी वापरू नका, मला कळवा, बदलून मिळेल. भांडं धड असेल तर धुऊन घ्या. खालचा तळ मात्र पाण्याखाली धरायचा नाही, त्यात वायरिंग आहे. ओल्या फडक्यानं पुसला की झालं.

आई, नावात कुकर असला तरी याला शिट्टी नाही आणि आत वाफेचा दाबही नाही. चुलीच्या वैलावर भगुनं सरकवून ठेवलं की जसं शिजतं, तसंच हे. ‘लो’ आणि ‘हाय’ दोन्हींत भांडं शेवटी उकळीच्या जवळपास जातं, फरक फक्त तिथं पोचायला लागणाऱ्या वेळाचा. दोन कामं याच्याकडून होत नाहीत, ती आधीच सांगते: हा काही परतत नाही आणि पाणीही आटवत नाही. झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन परत आतच पडते. यात केलेला पास्त्याचा टमाट्याचा सॉस बेचव आणि पाणचट होतो तो या दोन गोष्टींमुळेच. म्हणून परतायचं काम आधी गॅसवर आणि आटवायचं शेवटी.

साडेतीन लिटरच्या भांड्याला हे प्रमाण बरोबर बसतं: टमाटे दीड किलो, कांदे पाव किलो, गाजर २०० ग्रॅम, सोललेला लाल भोपळा २०० ग्रॅम, एक ढोबळी मिरची, एक मध्यम वांगं, लसणाच्या १०-१२ पाकळ्या, तेल ३ मोठे चमचे. भांडं अर्ध्याच्या वर आणि पाऊण भागाच्या खाली भरलेलं हवं. फार कमी भरलं तर कडेनं करपतं, गच्च भरलं तर मधलं माळवं कच्चं राहतं. दुधी घालू नकोस, त्यात पाणीच पाणी. भोपळा मात्र सोडू नकोस. तो विरघळतो, दाटपणा देतो आणि टमाट्याचा आंबटपणा मऊ करतो.

टमाटे बाजारातून आणताना बाबा, लांबट, कडक सालीचे, गरवाले घ्या. गावरान गोल टमाटा चवीला चांगला, पण आंबट आणि रसाळ. सॉसला तो अर्ध्याहून जास्त नको. प्रत्येकाच्या बुडाला फुलीसारखी चीर द्यायची, उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकायचे, मग गार पाण्यात. साल हातानंच सुटते. ती काढायचीच, कारण कितीही तास ठेवली तरी शिजत नाही. तिच्या सुरळ्या होतात आणि बाबांच्या कवळीत अडकतात. टमाटे अर्धे कापून बियांचा रस चाळणीवर काढून घे. तो फेकू नकोस, सार होईल.

आता गॅसवरचं काम. तेल करडईचंच वापर, ऑलिव्ह ऑईल मुद्दाम आणायची गरज नाही. बारीक चिरलेला कांदा मध्यम आचेवर ८-१० मिनिटं, कडा गुलाबी होईस्तोवर. त्यातच हरभऱ्याच्या दाण्याएवढे गाजराचे तुकडे, मग वांगं, शेवटी ठेचलेला लसूण अर्धा मिनिट. बाजारात मिळणारी टमाट्याची प्युरी असेल तर २-३ चमचे यातच घालून तेल सुटेपर्यंत परत. रंग आणि चव दोन्ही खोल होतात.

गाजर आणि कांदा आधी का परतायचा, तर आंबटात भाज्या मऊ पडत नाहीत. वरणात चिंच तू डाळ शिजल्यावरच घालतेस ना, तेच कारण. कच्चं गाजर टमाट्यात टाकलं तर सहा तासांनीही दाताखाली कचकन लागतं. डाळ घालायची असली तर मसुराची, तीही वेगळी मऊ शिजवून. राजमा कच्चा कधीच टाकायचा नाही. त्यात एक विषारी द्रव्य असतं, ते स्लो कुकरच्या मंद आचेवर जात नाही. रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळायचा आणि पुढे पूर्ण शिजवूनच सॉसमध्ये.

भांड्यात परतलेलं सगळं तळाशी, त्यावर भोपळा आणि ढोबळी मिरची, वरून टमाटे. उष्णता तळातून आणि बाजूंनी येते, म्हणून जे उशिरा शिजतं ते खाली. पाणी एक थेंबही नको. पहिल्यांदा करताना भांडं कोरडं वाटेल, हात पाण्याकडे जाईल. जाऊ देऊ नकोस, अर्ध्या तासात टमाटे स्वतःच पाणी सोडतात. मीठ या वेळी पाऊण चमचाच. सॉस आटला की खारटपणा वाढतो आणि बाबांच्या बीपीला ते नको. ओरेगॅनो मिळाला तर एक चमचा आताच घाल, नाहीतर दोन चिमट्या ओवा चुरडून. दोघांच्या वासात बरंच साम्य आहे. बेसिलची ताजी पानं मात्र शेवटी. कुंडीत सब्जा लावला असेल तर तीच ती पानं; देव्हाऱ्यापुढच्या तुळशीची नकोत, ती उग्र लागतात. येसर घालावासा वाटेल, पण मग ती आमटी होईल. चांगली होईल, पण आमटीच.

‘हाय’वर ४ तास किंवा ‘लो’वर ७-८ तास. झाकण उघडून बघायचं नाही. एकदा उघडलं की आतली वाफ जाते आणि शिजायला २०-३० मिनिटं वाढतात. काचेतून दिसतंच.

लाईटचं सांगते. बटण फिरवायचा कुकर मी मुद्दाम घेतला, कारण आकडे दाखवणारे बरेचसे लाईट जाऊन आली की बंदच राहतात. पण यात उलटी अडचण आहे: घरी कोणी नसताना लाईट किती वेळ गेली होती हे कळत नाही. म्हणून घरी असताना, सकाळीच लावा. लाईट गेली तर झाकण न उघडता थांबा. तासाभरात आली नाही तर सगळं भगुन्यात काढून गॅसवर पुरं करा. बाहेरून आल्यावर भांडं कोमट लागलं आणि किती वेळ तसं होतं ते माहीत नसेल, तर फेकून द्या. उकळून घेतलं तरी चालणार नाही. काही जंतूंचं विष उकळूनही मरत नाही. खर्चाचं म्हणाल तर तळाच्या लेबलवर वॅट बघा. २०० असतील तर ६ तासांला सव्वा युनिटही जळत नाही. इन्व्हर्टरच्या प्लगला लावू नका, बॅटरी पंख्याला राहू द्या.

आटवायला कुकरच्या झाकणाखाली उलथनं आडवं घालून ‘हाय’वर तासभर ठेवतात. मला ते रेंगाळणं वाटतं. पसरट स्टीलच्या कढईत काढून १०-१२ मिनिटं आटव, मोकळी होशील. लोखंडी कढई नको, आंबटानं सॉस काळपट होतो आणि लोखंडाची चव येते. चमच्यानं तळ ओढल्यावर वाट दोन क्षण मोकळी राहिली की झालं. मुठभर बारीक पालक शेवटच्या पाच मिनिटांत. आंबट वाटलं तर सुपारीएवढा गूळ. सोडा घालू नकोस, फसफसतो आणि चवच मारून टाकतो. दूध-साय घालायची तर गॅस बंद केल्यावर, नाहीतर फाटते.

एकजीव हवा असेल तर पावभाजीच्या मॅशरनं दाब. मिक्सरमध्ये गरम सॉस भरून झाकण लावलंस तर वाफेनं ते उडतं आणि हात भाजतो. कोमट होऊ दे, अर्धंच भांडं भर.

दोघांना पास्ता दीडशे ग्रॅम पुरे, दीड लिटर पाण्यात. बारीक मॅकरोनी घ्या, चावायला सोपी. पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी काढून सॉसमध्ये टाक, सोबत पास्ता उकळलेलं पाणी अर्धी वाटी. त्यातल्या पिठूळपणानं सॉस पास्त्याला धरतो. रोज पास्ता नको वाटला तर भाकरीसोबतही खपतो.

एवढा सॉस तुम्हा दोघांना पाचेक वेळा होईल. चिनी मातीचं भांडं तसंच फ्रीजमध्ये सारू नकोस. मधला भाग तासन्‌तास गरम राहतो, आणि तेच गार भांडं पुन्हा तापलेल्या तळावर ठेवलं तर तडकतं. उथळ डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. चार दिवस टिकतो, फ्रीजरमध्ये तीन महिने. गरम करताना गॅसवर उकळी आणायची, स्लो कुकरमध्ये नाही.

आणि आई, लोणच्यासारखा बरणीत भरून फडताळात ठेवू नकोस, वरून तेल ओतून तर नाहीच. लोणचं मीठ आणि आंबटानं टिकतं. इथं मीठ कमी, आणि गाजर-भोपळा-लसणानं टमाट्याचा आंबटपणा उतरलेला. हवाबंद बरणीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढतात, आणि त्यांचा ना वास येतो ना रंग बदलतो.

पहिल्या खेपेला शनिवारी लावा, मी घरीच असते. झाकण लावल्यावर फोन करा.

तुमची,
ताई