रुफियाचा दर नव्हे, सरकारी उचल आवरा

मा. संपादक,

मालदीवच्या डॉलरटंचाईची बातमी आली की ‘रुफिया (तिथले चलन) बाजारावर सोडा’, म्हणजे त्याचा दर मागणी-पुरवठ्याला ठरवू द्या, हा सल्ला हमखास वाचायला मिळतो. इतक्या छोट्या बेटांसाठी तो घाईचा आहे. एप्रिल 2011 मध्ये तिथे डॉलरला 12.85 रुफिया या दराभोवती 20 टक्के वर-खाली असा पट्टा आखला गेला. दर लगोलग वरच्या कडेला, 15.42 वर जाऊन चिकटला. टंचाई मात्र हटली नाही.

अवमूल्यनाने आयात घटते, पण आयातीला पर्याय देशात पिकत किंवा बनत असेल तरच. मालदीवमध्ये तांदूळ, पीठ, डिझेल, औषधे सगळे बोटीने येते. वीजही मुख्यतः डिझेलवरच. रिसॉर्टचे भाडे आधीपासून डॉलरमध्येच ठरते, त्यामुळे रुफिया घसरला तरी पर्यटकाला खोली फारशी स्वस्त पडत नाही. ट्यूना निर्यातदारांना थोडा हात मिळेल. पण परकी कर्जाचा आणि इंधन-धान्यावरील अनुदानाचा रुफियातला बोजा तेवढाच फुगेल.

दुखणे दराच्या आधीचे आहे. सरकार तूट भरायला मालदीव मॉनेटरी ऑथॉरिटी या मध्यवर्ती बँकेकडून उचल घेत आले. कोविडकाळात तर ती रोखणारी कायद्याची कलमेच स्थगित झाली. हे रुफिया पगार-कंत्राटांतून लोकांच्या हाती येतात आणि आयात मालावर खर्च होतात, म्हणजे अखेर डॉलरच मागतात. मग बँका कार्डावरच्या डॉलरला मर्यादा घालतात, उपचारासाठी भारतात येणारा रुग्ण काळ्या बाजाराकडे वळतो, आणि तिथला चढा भाव पाहून रिसॉर्टवाले डॉलर बँकेत आणायला राजी नसतात. ऑक्टोबर 2024 पासून मोठ्या रिसॉर्टांवर दर पर्यटकामागे 500 आणि छोट्या गेस्टहाऊसवर 25 डॉलर बँकेत रुफियांत बदलून घेण्याची सक्ती आली, ती यातूनच.

याउलट, पूर्व कॅरिबियन डॉलर हे छोट्या बेटांचे सामाईक चलन 1976 पासून अमेरिकी डॉलरला 2.70 वर टिकून आहे. आठ प्रदेशांची मिळून एक मध्यवर्ती बँक, देण्यांच्या किमान 60 टक्के परकी गंगाजळीचे बंधन, सरकारांच्या कर्जावर मर्यादा. कुणा एका अर्थमंत्र्याला तिथून हवा तेवढा पैसा उचलता येत नाही, हे त्या दराचे खरे बळ. सेशेल्स या बेटांच्या देशाने गंगाजळी आटल्यावर 1 नोव्हेंबर 2008 ला आपला सेशेल्स रुपया मोकळा सोडला. डॉलरचा भाव 8 वरून 16 च्या घरात गेला, महागाई भडकली. रुपया पुढे सावरला, पण सरकारी खर्चालाही तेव्हाच कात्री लागली होती म्हणून.

2024 च्या मध्यास मालदीवची एकूण गंगाजळी 40 कोटी डॉलरच्या आसपास होती. अल्पमुदतीची देणी वजा जाता 5 कोटीही उरत नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या रिझर्व्ह बँकेने मालदीवशी 40 कोटी डॉलर आणि 3,000 कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीचा करार केला. हे अनुदान नव्हे, परत करायची उसनवारी आहे. कराराची मुदत जून 2027. तोवर मालदीव सरकारने उचलीचे दार कायद्याने कायमचे बंद करावे आणि सरसकट अनुदान थांबवून ते गरजू घरांच्या खात्यात जमा करावे. एवढे करूनही काळ्या बाजाराशी मोठी तफावत राहिलीच, तर दर एकदाच, जाहीरपणे बदलावा.

– एक वाचक, ठाणे