सायकल उभी राहिली!

फ्रेमपासून एकेक भाग जमवून जोडलेली माझी पहिली सायकल काल धावली. ज्यांची नावंही विचारायची राहून गेली, त्यांचे हे जाहीर आभार.

आधी त्या काकांचे, ज्यांनी वेळेवर माझा पाना धरला. बॉटम ब्रॅकेटचा (पेडलचा दांडा ज्यात फिरतो, त्या भागाचा) उजवा कप मी जीव खाऊन नेहमीच्याच दिशेने आवळत होतो. "अरे, या बाजूचे आटे उलटे असतात," म्हणत त्यांनी कप काढला, आटे चिंधीने पुसले, ग्रीस लावलं आणि नुसत्या बोटांनी तो डावीकडे फिरवला. अलगद आत गेला. डाव्या पेडलचंही तसंच, हे जाता जाता सांगितलं. नाहीतर फ्रेमचे आटे गेलेच होते.

27.2 मिमीची सीटपोस्ट (सीटखालची दांडी) लागणाऱ्या फ्रेमला मी 26.8 ची आणली होती. (अर्ध्या मिलिमीटरनं काय होतंय, हा माझा बाणा!) न हसता योग्य मापाची काढून देणाऱ्या ताईंचेही आभार. आणि मागच्या चाकाचा आउट काढताना, म्हणजे स्पोक आवळून-सैल करून चाक सरळ करताना, "पाव फेऱ्याच्या वर चावी फिरवू नको" असं दहादा बजावणाऱ्या त्या मुलाचे.

तिसरा गिअर अजून कुरकुरतोय. तेवढं मी बघतो.