बटण मेलेलं नाही, एरर दिसत नाहीये

नौपाडा, ठाणे

प्रिय अभ्या,

तुझा पायथनमधला बिलाचा प्रोग्रॅम वाचला. आधी एक कर: फाइलीचं ‘पीवायडब्ल्यू’ एक्स्टेन्शन बदलून साधं ‘पीवाय’ ठेव आणि ती कमांड प्रॉम्प्टवरून चालव. ‘पीवायडब्ल्यू’ फाइल पायथनडब्ल्यू चालवतं आणि त्याला कन्सोल, म्हणजे मजकूर छापायची काळी खिडकी, नसतो. टीकेइंटर (खिडक्या-बटणं बनवणारी पायथनची लायब्ररी) एरर छापतं, ती जाते हवेत, आणि तू समजतोस बटण मेलं.

सेव्हचं बटण घे. खिडकी उघडताक्षणी रिकामं बिल सेव्ह होतं, नंतर कितीही दाबा, ढिम्म. ‘कमांड’पुढे फंक्शनच्या नावाला तू कंस लावलेत ना! कंसामुळे फंक्शन तिथल्या तिथे चालतं आणि बटणाच्या हाती उरतं ‘नन’, म्हणजे काहीच नाही. कंस काढ. लूपमधल्या दहा बटणांना मात्र लॅम्डाच (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) हवा, आणि त्यात ‘आय=आय’ लिही, म्हणजे प्रत्येक बटण आपापला क्रमांक धरून ठेवेल. नाहीतर दहाही बटणं शेवटच्याच वस्तूचा दर लावतील. लावतायतच.

‘ननटाइप’ला ‘गेट’ नाही ही एरर रकमेच्या चौकटीची. एंट्री (ती चौकट बनवणं) आणि पॅक (ती खिडकीत मांडणं) तू एका ओळीत जोडलंस. पॅक काहीच परत देत नाही, म्हणून व्हेरिएबलमध्ये ननच बसतं. दोन ओळी कर. लोगो गायब होतो तो फोटोइमेज, म्हणजे त्याचं चित्र, फंक्शन संपताच पुसली जाते म्हणून, ‘लेबल.इमेज’मध्ये धरून ठेव. एकाच फ्रेममध्ये पॅक आणि ग्रिड या मांडणीच्या दोन पद्धतीही मिसळू नकोस.

खरी डोकेदुखी पीडीएफची. मेनलूप, म्हणजे क्लिक वगैरे हाताळणारं टीकेइंटरचं चक्र, हे बँकेसारखं: एकच खिडकी, एकच कारकून. तो चारशे बिलांच्या पीडीएफ करायला आत गेला की बाहेरची रांग ठप्प. पाचेक सेकंदांत विंडोज ‘नॉट रिस्पाँडिंग’ची पाटी लावतं. तू मध्येमध्ये ‘अपडेट’ (साठलेले क्लिक लगेच हाताळायला लावणारी आज्ञा) टाकलंयस. ते काढच! त्याने खिडकी हलते खरी, पण दुकानदाराने बटण पुन्हा दाबलं तर पहिलं काम अर्धवट असतानाच दुसरं सुरू होतं. पीडीएफचं काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यावर, टाक, तिथून लेबलला हात लावू नकोस, किती झाली तो आकडा फक्त क्यूमध्ये (निरोपांच्या रांगेत) ठेव. इकडे मेनलूपमध्ये ‘आफ्टर’ने (ठरावीक वेळाने फंक्शन चालवणारी आज्ञा) दर १०० मिलिसेकंदांनी क्यू बघून लेबल बदल. बटण सुरुवातीला डिसेबल, संपल्यावर नॉर्मल. पीडीएफमध्ये एरर आली तरी ते परत चालू व्हायला हवं, म्हणून काम संपल्याचा निरोप ‘फायनली’तून (एरर आली तरी चालणारा भाग) क्यूत टाक.

बाकीचं दुरुस्त करून पाठव. थ्रेडचं शनिवारी तलावपाळीला बसून बघू. चार्जर आण.

तुझा,
मंदार