कॅसेटी भंगारात देण्याआधी

ती. आई आणि ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, काल फोनवर म्हणालीस की कपाट रिकामं करायला काढलंय आणि कॅसेटींचं खोकं भंगारवाल्यासाठी पडवीत ठेवलंय. ते आधी आत घे. पाऊस तोंडावर आलाय, आणि रत्नागिरीची हवा काय करते ते तुला मी सांगायला नको.

बाबा, तुम्ही म्हणाल हे सगळं आता मोबाइलवर मिळतं. मिळतं, नाही कोण म्हणतंय? पण आपल्या ‘शिवकल्याण राजा’च्या आतल्या कागदावर तुमच्या अक्षरात लिहिलंय, ‘जंभ – इंद्राने मारलेला असुर, बाडव – समुद्रातला अग्नी’. ते कुठल्या ॲपवर शोधू? ‘इंद्र जिमि जंभ पर’ लागलं की जंभ कोण म्हणून मी तुमचं डोकं खायचे. तुम्हालाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणी ‘गप ऐक’ म्हणून विषय मिटवला असता. तुम्ही हिंदीच्या सरांना बाजारात गाठलंत, भूषणाचा अख्खा छंद समजून घेतलात आणि घरी येऊन त्या एवढ्याशा कागदावर बारीक अक्षरात उतरवलात. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा, १९७४ साली निघालेली ती ध्वनिमुद्रिका. आपल्याकडे कॅसेट आली ती बऱ्याच उशिरा. लताबाईंचा आवाज, हृदयनाथांचं संगीत आणि बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन याबद्दल लोक भरभरून बोलतात. मला त्यातून मिळाली ती भाषा. रामदास, भूषण, सावरकर, कुसुमाग्रज असे सगळे एकाच बैठकीत कानावर पडायचे. शाळेत जुनी कविता आली की वर्ग कपाळाला हात लावायचा, आणि मला ‘निश्चयाचा महामेरू’ केव्हाच पाठ. अडलेल्या शब्दाची भीती मला आजही वाटत नाही.

आई, ‘अभंग तुकयाचे’ तुझी. श्रीनिवास खळ्यांच्या चाली ऐकताना सोप्या वाटतात आणि गुणगुणायला गेलं की पहिल्याच वळणावर आपण अडकतो. तू मात्र विळीवर नारळ खवताखवता सगळ्या म्हणायचीस. फक्त ‘कन्या सासुरासी जाये’ सोडून. मी कॉलेजला पुण्याला निघाले त्या वर्षापासून ते लागलं की तशीच खोबऱ्याच्या हाताने उठायचीस आणि गाणं पुढे ढकलायचीस. म्हणून ते फॉरवर्डचं बटण कायम चिकट, आणि मोटार जळेल म्हणून बाबांचा आरडाओरडा. परवा मी ते सलग ऐकलं. अगं, सासरी जाणारी मुलगी त्यात पहिल्या ओळींपुरतीच आहे! पुढे आईपासून चुकलेलं बाळ येतं, पाण्यावेगळी झालेली मासोळी येते, आणि तळमळतोय तो खुद्द तुकोबा, केशवासाठी. एकदा शेवटपर्यंत ऐक. रडू येईलच, पण कारण निराळं असेल.

आता ‘गारवा’. १९९८ची. ती मी साठवलेल्या पैशांतून आणली आणि घरात वाद सुरू झाला. मिलिंद इंगळ्यांचं गाणं सुरू होण्याआधी कवी सौमित्र साध्या बोलत्या आवाजात कविता म्हणतो, आपण दारात उभं राहून शेजाऱ्याशी बोलावं तशी. असल्या रोजच्या मराठीत कविता होऊ शकते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तुमचं म्हणणं, ‘ज्याला मे महिन्यात घर शाकारावं लागतं त्याला पाऊस असा आठवत नाही.’ वाक्य फर्मास होतं, मी मैत्रिणींना ऐकवायचे. पण बाबा, पाडगावकर-खळ्यांचा ‘श्रावणात घननिळा’ तुम्हाला चालतो, तो काय घर शाकारून लिहिलाय? खळ्यांनंतर सगळं संपलं, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं. हो, ‘गारवा’तली एक-दोन गाणी आता जरा गुळमट वाटतात, ते कबूल. तुम्ही बाजारात गेलात की आई ती कॅसेट हळूच लावायची, हेही आज सांगून टाकते.

पुलंच्या कॅसेटी दादाने कधीच पळवल्या आहेत, त्या शोधत बसू नका. दुकानातून गाणी भरून आणलेल्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटी मात्र ठेवा. वहीत मिनिटांची बेरीज करून यादी द्यायचात, तरी बाजू संपताना शेवटचं गाणं अर्ध्यात तुटायचंच.

कुठलीही कॅसेट लावून बघू नका. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी वाजवली की टेपच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटला चिकटते. त्या वेगळ्या काढा. उन्हात घालू नका, कवच वाकडं होतं. आतले कागद सांभाळा. मी आले की घेऊन जाईन आणि चांगल्या असतील त्या इकडे बंगळुरात उतरवून घेईन.

कपाटात लोणच्याच्या बरण्या खुशाल ठेव. आणि बाबा, गुडघा दाखवायला जाणार होतात त्याचं काय झालं?

तुमची,
ताई