बाबांच्या स्वेटरची बंडी होतेय

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सगळं सांगून होत नाही, आणि आई, तुला तपशील लागतात, म्हणून लिहायलाच बसले. बाबांचा तपकिरी स्वेटर उसवून झाला. लोकर धुऊन वाळवली आणि क्रोशाने, म्हणजे आकडीच्या एकाच सुईने, बंडीची पाठ निम्म्याच्या वर विणून झाली आहे.

उसवू का, असं विचारलं तेव्हा तू लगेच हो म्हणालीस, पण तुझा आवाज जड झाला होता. तू जीव लावून विणलेली वस्तू, तिला कात्री लावायची म्हणजे काय ते मला कळतं. पण ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवून तरी तिचं काय होणार होतं? कोपरं विरली होती, मनगटाची पट्टी सुटली होती, एका बाहीला कसर लागायला सुरुवात झाली होती. आणि मुख्य म्हणजे बाबांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. डोक्यातून घालायचा स्वेटर त्यांना यापुढे चालणारच नाही. समोरून उघडी, बिनबाह्यांची बंडी मात्र बसल्या जागी चढवता येईल.

आधी शिवणी उकलल्या. तू पाठ, पुढा आणि बाह्या वेगवेगळ्या विणून जोडल्या होत्यास, त्यामुळे काम सोपं झालं. दुकानातले पुष्कळ स्वेटर थानातून कापून, कडा मशीनने ओव्हरलॉक करून शिवलेले असतात. ते उसवले तर प्रत्येक ओळीला तुकडा हातात येतो, कसलाच उपयोग नाही. तुझ्या विणीत गळ्याशी शेवटचं टोक सापडलं आणि तिथून धागा सलग निघत गेला. काखेत घामाने लोकर एकमेकीत पार मुरली होती, तेवढं कापावं लागलं.

आणि एक गोष्ट दिसली ती सांगायलाच हवी. उसवलेल्या धाग्यात टाक्याची नागमोड तशीच राहते. पुढ्याची नागमोड सगळीकडे बारीक, एकसारखी होती. पाठीची मात्र मध्यापासून एकदम मोठी. तुला फोनवर विचारलं तेव्हा म्हणालीस, आजी दवाखान्यात होती, तिच्या उशाशी बसून विणत होते, हात सैल पडला असेल. आई, इतकी वर्षं बाबा तो स्वेटर घालून पहिल्या पाळीला सायकलवर मिलमध्ये जात होते आणि आम्हाला कुणाला हे माहीत नव्हतं. तो धागा हातात धरून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

लोकर खरी आहे का, तेही पाहिलं. टोक काडीने पेटवलं तर केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली. ॲक्रिलिक असतं तर वितळून टणक मणी झाला असता. मग खुर्चीच्या पाठीवर लड्या गुंडाळल्या, सैलसरच, कारण बाबांचं वाक्य लक्षात होतं की ताणून गुंडाळलेलं सूत पुढे दगा देतं. सुती दोऱ्याने चार जागी बांधून घंगाळात रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवल्या. चोळल्या नाहीत, पिळल्या नाहीत. खरी लोकर चोळली की आटते आणि गठ्ठा होतो. आपल्या सोलापुरी टॉवेलात दाबून पाणी काढलं आणि मागच्या पडवीत सावलीला टांगल्या. वाळल्यावर नागमोड बरीच मोडली. शेजारच्या काकूंच्या मागाची खटखट चालूच होती, त्या मध्येच येऊन लडी हातात घेऊन म्हणाल्या, सूत अजून जिवंत आहे गं.

रंगाचं थोडं अवघड होतं. खांद्यावरचा धागा उन्हाने विटलेला, शिवणीच्या आतला अजून गडद. एका गुंड्याने सलग विणलं असतं तर अंगावर पट्टे दिसले असते. म्हणून फिका आणि गडद असे दोन गुंडे घेतले आणि दर दोन ओळींनी धागा बदलते आहे. आता रंग एकमेकांत इतका मिसळलाय की तसाच विकत घेतला असं वाटतं. तुटलेली टोकं जोडायला, बाबा, तुमची ती मिलमधली चपटी गाठ मारावी लागलीच नाही. दोन्ही टोकांचे पदर सोडवून, अर्धे कापून, ओल्या तळहातांत चोळले की लोकर लोकरीत मुरते आणि जोड बोटालाही लागत नाही. हे फक्त खऱ्या लोकरीला जमतं.

क्रोशाला सुयांच्या विणकामापेक्षा लोकर जास्त लागते, त्यामुळे बाह्या तशाही निघाल्या नसत्या. मुक्या खांबाने, म्हणजे क्रोशाच्या बुटक्या, घट्ट टाक्याने, कापड जाड आणि ताठ होत होतं. आपल्याकडच्या थंडीला ते नको. म्हणून ५ मिलिमीटरची सुई घेऊन साधे खांब, म्हणजे त्याहून उंच, मोकळे टाके, घालते आहे. हाताला मऊ आणि मोकळं लागतंय. गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला, तुम्ही नाशिकहून सोलापूरला याल तोवर तयार असेल. होमाच्या रात्री मैदानावर गार वारा सुटतो आणि बाबा शाल घ्यायला ऐकत नाहीत, तेव्हा सदऱ्यावरून ही बंडी घालायची. घडी करून ठेवायची नाही, हे आत्ताच सांगते.

कोपरांची विरलेली लोकर फेकली नाही. ती दुपदरी करून काठाला वापरायची आहे, आणि काठ मी घालणार नाही. आई, तो तुझा. तुला दोन सुया धरवत नाहीत, पण क्रोशाला सुई एकच आणि त्यावर एका वेळी टाकेही एक-दोनच. नव्या पेठेतून जाड रबरी मुठीची सुई तुझ्यासाठी आणून ठेवली आहे. बोटं दुखली की चार टाक्यांवर थांब, क्रोशाचं काम कुठेही थांबवता येतं. नुसता मुका खांब घालत जायचा. तुझ्या हाताचा टाका त्या बंडीवर असल्याशिवाय मला ती पुरी झाली असं वाटणार नाही.

आता एक काम करा. बाबांच्या छातीचं माप सदऱ्यावरून सैल घ्या, आणि खांद्यापासून कमरेखाली चार बोटांपर्यंतची लांबीही. माप घेताना बाबांनी श्वास रोखून धरायचा नाही. आणि बटणं मोठी लाकडी लावू की प्रेसबटणं, ते त्यांनाच विचारून कळवा. एका हाताने लावून पाहू दे त्यांना, मग ठरवू.

तुमची,
थोरली