फ्रीजवर भिस्त नको

दापोली
श्रावण

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र कालच मिळालं. मालवणात सारखी वीज जाते आणि फ्रीजमधले कल्चर, म्हणजे वाढवून जपलेले जिवाणू, मरतात, हे वाचून जीव हळहळला. मी त्यातून गेलोय. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस अंधार होता. नंतर प्रयोगशाळेतला फ्रीज उघडला तर आंबूस भपका आला. कापसाचे बोळे भिजून काळे पडलेले, निम्म्या स्लँटवर, म्हणजे जिवाणूंचं खाद्य तिरपं गोठवलेल्या नळ्यांवर, बुरशी. वाचल्या त्या कपाटात ठेवलेल्या अर्धघन माध्यमाच्या, म्हणजे जेमतेम जमलेल्या खाद्याच्या, बाटल्या.

म्हणून सांगतो, तूही तेच कर. 100 मिलि न्यूट्रिएंट ब्रॉथला, म्हणजे जिवाणूंच्या पातळ खाद्याला, 0.4 ग्रॅम अगर घाल. प्लेटच्या घट्ट माध्यमाला आपण 1.5 ग्रॅम घालतो, तो हात इथे आखडता घे. जमलेलं माध्यम बाटली कलती केली तरी ओघळत नाही, पण टिचकी मारली की कोवळ्या शहाळ्याच्या मलईसारखं थरथरतं. साखर अजिबात नको. ती आंबली की आम्ल तयार होतं आणि त्यातच जिवाणू मरतात. झाकण स्क्रूचं आणि घट्ट हवं. खोलवर हवा कमी, ओल टिकून. जिवाणू सावकाश वाढतात आणि महिनोन् महिने तग धरतात.

अगर म्हणजे आपल्या घरातलं चायना ग्रासच. 1881 साली फॅनी हेस्से यांनी ते जिवाणूंवर काम करणाऱ्या नवऱ्याला सुचवलं, तोवर जिलेटिनवर काम चालायचं. आपल्या मे महिन्यात जिलेटिनचं पाणीच झालं असतं!

याच बाटलीत जिवाणूची चालही, म्हणजे तो स्वतः हलतो की नाही तेही, कळते. जिवाणू लावलेल्या सरळ तारेने मधोमध टोच, दोन तृतीयांश खोल, आणि आल्या वाटेनेच तार बाहेर काढ. हात हलला तर वाचन फसतं. दुसऱ्या दिवशी बाटली खिडकीशी धर. क्लेबसिएला हा न चालणारा जिवाणू असेल तर टोचलेली रेघ तशीच, कडा स्वच्छ, भोवतीचं माध्यम निवळ. ई. कोलाय हा चालणारा असेल तर रेघेपासून धुरकटपणा चहूकडे पसरलेला. तो फरक पहिल्यांदा दिसला तेव्हा मी वर्गातल्या पोरांना एकेक करून खिडकीशी बोलावलं होतं. एक मात्र ध्यानात ठेव: यर्सिनिया एंटेरोकोलिटिका हा जिवाणू 37 अंशांना गप्प बसतो, 25 ला चालतो. त्यामुळे शंका आली तर दोन्ही तापमानांना एकेक बाटली लाव.

तू कालवांतून व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जिवाणू काढतोयस, त्याची काळजी वेगळी. तो खाऱ्या पाण्यातला. माध्यमात 2 ते 3 टक्के मीठ घाल; मीठच नसेल तर तो वाढणारच नाही, आणि तू त्याला चालत नाही असं समजून बसशील. त्याला फ्रीजमध्ये तर ठेवूच नकोस, थंडी त्याला मानवत नाही. कपाटाचा अंधारा कप्पा बरा.

गणपतीला येशील तेव्हा माझ्याकडच्या दोन बाटल्या घेऊन जा. लेबलवर मिठाचं प्रमाण आणि टोचल्याची तारीख लिहून ठेवतो. घरी पोचलास की ताज्या माध्यमात टोचून बघ, आणि धुरकटपणा दिसला की त्याच दिवशी फोन कर.

तुझाच,
जुना बाकमित्र